यंत्राचा जाबता

ज्या यंत्राला लोखंड नाही, तारा नाहीत, पंख्याची घरघर नाही, जे केवळ एखाद्या फाइलीत साठवलेल्या अंकांच्या रूपाने नांदत असते, ते एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी नेण्यास अडचण ती कसली पडावी, असा प्रश्न या व्यवहाराशी परिचय नसलेल्या माणसाच्या मनात आला तर त्यात नवल नाही. व्हर्च्युअल मशीन म्हणजे हायपरव्हायझर नावाच्या आज्ञावलीने खऱ्या सर्व्हरच्या पोटात उभा केलेला दुसरा, कल्पित संगणक. त्याची हार्ड डिस्क ही वस्तुतः एक फाइल असते, त्याचे नेटवर्क कार्ड ही एक बतावणी असते, आणि त्याच्या आत चालणाऱ्या विंडोज किंवा लिनक्सला आपण कोठे आहोत याची मूळ कल्पनेप्रमाणे गंधवार्ताही नसावी. तेव्हा ती फाइल नकलून दुसऱ्या हायपरव्हायझरच्या हवाली केली की काम संपावे. प्रत्यक्षात मात्र नव्या ठिकाणी कित्येकदा ते मशीन उठतच नाही, उठले तर त्याला आपली डिस्क सापडत नाही, आणि डिस्क सापडली तर नेटवर्क मिळत नाही. हे असे का व्हावे याचे उत्तर त्या फाइलीत शोधून मिळत नाही; त्यासाठी सुमारे साठ वर्षे मागे जावे लागते.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानातील केंब्रिज गावी आयबीएम कंपनीचे एक छोटे संशोधन केंद्र होते. तेथे रॉबर्ट क्रीसी आणि त्यांचे सहकारी यांनी 1964 च्या अखेरीस ज्या प्रणालीचे काम हाती घेतले आणि जी 1967 च्या आरंभी नित्याच्या वापरात आली, ती सीपी-40 ही या सर्व विद्येची जननी होय. एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरावयाचा, हा त्या काळचा सार्वत्रिक प्रश्न होता. परंतु केंब्रिजच्या मंडळींनी त्यावर काढलेली तोड अशी विलक्षण की, प्रत्येक वापरणाऱ्यास संगणकाचा केवळ हिस्सा न देता एक अख्खा संगणकच दिल्याचा भास निर्माण करावयाचा. पुढे सीपी-67 आणि 1972 साली जाहीर झालेली व्हीएम/370 या प्रणालींत ही कल्पना स्थिरावली. त्या प्रणालींच्या दप्तरात प्रत्येक कल्पित यंत्राची एक नोंद असे, आणि ती नोंद आजच्या वाचकानेही बारकाईने पाहावी अशी आहे. या यंत्रास स्मृती इतकी. 009 या क्रमांकावर याचा कन्सोल. 00सी वर 2540 जातीचा कार्डवाचक. 00डी वर त्याच जातीचा छिद्रक. 00ई वर 1403 जातीचा मुद्रक. आणि अमुक तबकडीचा इतका तुकडा याच्या मालकीचा. एवढ्या चार-सहा ओळींत एक संपूर्ण यंत्र सांगून होई. एकाने दुसऱ्यास फाइल द्यावयाची तर तो आपल्या कल्पित छिद्रकावर ती कल्पित कार्डे पाडी, आणि ती गठ्ठीच्या गठ्ठी दुसऱ्याच्या कल्पित वाचकात जाऊन पडे. कागदाचा एक कपटाही न हलता.

या व्यवस्थेत स्थलांतराचा प्रश्न उपस्थित होत नव्हता, आणि त्याचे कारण मोठे उद्बोधक आहे. 2540 हा खरा कार्डवाचक होता, 1403 हा खरा मुद्रक होता. आयबीएमनेच बनवलेल्या आणि आयबीएमच्याच अधिकृत ग्रंथांत अथपासून इतिपर्यंत वर्णिलेल्या यंत्रसामग्रीची ती हुबेहूब नक्कल होती. जी प्रणाली खऱ्या यंत्रावर चालते ती कल्पित यंत्रावर चालावी आणि कल्पितावर सिद्ध झालेली खऱ्यावर न्यावी, हा तर त्या उद्योगाचा मुख्य उपयोग होता. इतकेच नव्हे, तर सीपी-67 च्या आत दुसरे सीपी-67 चालवून पाहण्याचा परिपाठही होता. नक्कल करणारा एक, मूळ वस्तूचा कर्ताही तोच, आणि प्रमाणग्रंथही एकच. अशा ठिकाणी दोन नकलांत भेद उरण्यास जागाच नव्हती.

पुढची पंचवीस वर्षे मी येथे झपाट्याने ओलांडतो. 1974 साली पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघा विद्वानांनी, कोणत्या जातीच्या संगणकावर असा भास निर्दोषपणे उभा करता येतो याचे गणिती निकष सांगितले. घरोघर पोचलेला इंटेलचा एक्स86 प्रोसेसर त्या निकषांना उतरत नव्हता, कारण त्याच्या सतरा आज्ञा अशा होत्या की त्यांची चाहूल नियंत्रकास लागत नसे. स्टॅनफर्ड विद्यापीठात मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांचे विद्यार्थी यांनी केलेल्या डिस्को नामक संशोधनातून 1998 साली व्हीएमवेअर कंपनी निघाली, आणि आज्ञा चालू असतानाच त्यांचे रूपांतर करीत जाण्याच्या युक्तीने तिने ती अडचण ओलांडली. 1999 साली तिचे वर्कस्टेशन बाजारात आले. इंटेलने प्रोसेसरमध्येच त्यासाठी सोय केली ती 2005 मध्ये.

आता खरा प्रश्न येथे उभा राहिला. आयबीएमला जसा स्वतःच्या यंत्राचा प्रमाणग्रंथ होता तसा पीसीला नव्हता. पीसी म्हणजे शेकडो कारखान्यांच्या सुट्या भागांची जुळणी. तेव्हा कल्पित पीसी बनवणाऱ्याने कोणत्या भागांची नक्कल करावी? येथे प्रत्येक घराण्याने आपापली निवड केली, आणि निवडीचा निकष मात्र सर्वांचा एकच होता: विंडोज आणि लिनक्स यांच्या मूळ सीडीवर ज्याचा ड्रायव्हर आधीपासून आहे असा, जुना, साधा आणि सर्वत्र खपलेला भाग. व्हीएमवेअरने नेटवर्कसाठी एएमडीचे पीसीनेट कार्ड घेतले, डिस्क जोडणारा स्कझी नियंत्रक प्रथम बसलॉजिकचा आणि मागाहून एलएसआय लॉजिकचा घेतला. कनेक्टिक्स कंपनीच्या व्हर्च्युअल पीसीने डिजिटल इक्विपमेंटची 21140 ही नेटवर्क चिप आणि एस3 कंपनीचे चित्रकार्ड पसंत केले. फ्रान्सचे फाब्रिस बेलार यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या क्यूईएमयू या प्रणालीत सिरस लॉजिकचे चित्रकार्ड आणि रिअलटेकचे नेटवर्क कार्ड आले. ज्या चिपांचे कारखाने बंद पडले, ज्यांच्या कंपन्या विकल्या गेल्या, त्या चिपा अशा रीतीने दुसऱ्यांच्या आज्ञावलीत, निव्वळ वर्तनाच्या रूपाने, शिल्लक राहिल्या. डिजिटलची ती 21140 मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीत पुढे कितीतरी वर्षे चालू होती. संगणकविद्येच्या इतिहासकाराने या गोष्टीकडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते असे मला वाटते, कारण यंत्रांचे असे चालते-बोलते जतन क्वचितच घडते.

परंतु जतनाची ही गोष्ट स्थलांतराच्या मुळावर आली. पाहुणी प्रणाली ज्या घराण्याच्या यंत्रावर बसवली जाई, त्या घराण्याच्या भागांचे ड्रायव्हर तेवढे ती जागे ठेवी. आणि मशीन दुसऱ्या घरी नेले म्हणजे तिच्या दृष्टीने एका रात्रीत संगणकाचा मदरबोर्ड, डिस्कचा नियंत्रक आणि नेटवर्क कार्ड ही सर्व बदललेली असत. विंडोज अशा वेळी निळा पडदा दाखवी, आणि त्यावर शून्यांच्या रांगेनंतर 7बी हा अंक असे. त्याचा अर्थ, ज्या डिस्कवरून सुरुवात करावयाची तीच आवाक्यात नाही. डिस्क समोर हजर असे, तिच्यातील एक अक्षरही गहाळ झालेले नसे. पण तिच्यापर्यंत नेणाऱ्या नियंत्रकाचा ड्रायव्हर आरंभीच्या क्षणी जागा नसे, एवढेच.

यावर वेगाच्या गरजेने आणखी एक गाठ मारली. जुन्या चिपेची हुबेहूब बतावणी करणे हे फार खर्चाचे काम आहे. तेव्हा बतावणी सोडून पाहुण्या प्रणालीस आपण कल्पित यंत्रात आहोत हे उघड सांगावे, आणि तिच्याशी सरळ बोलणारा ड्रायव्हर तिच्यात बसवावा, हा विचार बळावला. इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठातून 2003 मध्ये पुढे आलेली झेन प्रणाली याच विचाराची; तीही एका केंब्रिजमधूनच यावी, हा योगायोग सुखद आहे. व्हीएमवेअरने व्हीएमएक्सनेट काढले, मायक्रोसॉफ्टने हायपर-व्हीसाठी आपली साधने काढली, आणि 2007 च्या फेब्रुवारीत लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम दाखल झाल्यानंतर रस्टी रसेल यांनी व्हर्टआयओ नावाची साधनपद्धती रचली. वेग मिळाला तो निःसंशय मोठा होता. मात्र जुनी पीसीनेटची नक्कल निदान त्या काळच्या विंडोजला ओळखता येत होती. या नव्या साधनांना त्या त्या घराण्याबाहेर ओळख नव्हती. मशीन जितके वेगवान झाले तितके ते आपल्या मालकाच्या घरात अधिक खोल रुतत गेले.

डिस्कच्या फाइलींचीही तीच कथा. प्रत्येक घराण्याने आपली मांडणी ठरवली आणि तिच्यावर आपली मोहोर उठवली. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएचडी फाइलीच्या शेवटी पाचशे बारा बाइटांची एक तळटीप असते, आणि तिच्या आरंभीच्या आठ बाइटांत 'कनेक्टिक्स' हे नाव रोमन लिपीत, आठात बसावे म्हणून एक 'एन' गाळून, लिहिलेले असते. मायक्रोसॉफ्टने हे सर्व कनेक्टिक्सकडून 2003 साली विकत घेतले, पण मोहोर मूळ मालकाचीच राहिली. व्हीएमवेअरच्या व्हीएमडीके फाइलीच्या तोंडाशी तिचेच नाव उलट्या अक्षरक्रमाने सापडते, कारण इंटेलच्या पद्धतीत अंक शेवटच्या टोकाकडून मांडले जातात. आणि व्हर्च्युअलबॉक्स या प्रणालीची व्हीडीआय फाइल उघडली तर पहिल्याच ओळीत मालकाचे नाव वाचावयास मिळते: सर्वांत जुन्या फाइलींत जर्मनीतील इनोटेक, 2008 नंतरच्या काहींत सन, आणि 2010 नंतर ओरॅकल. सातबाराच्या उताऱ्यावरून जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे जसे कळते, तसा या एका ओळीवरून त्या कंपनीचा फेरफार वाचता येतो.

या अराजकास आळा घालावा म्हणून 2007 च्या सप्टेंबरात डेल, एचपी, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, व्हीएमवेअर आणि झेनसोर्स यांनी मिळून डीएमटीएफ या मानकसंस्थेकडे एक मसुदा सादर केला. एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी एका कागदावर आले, हेच मुळात विशेष होते. ओपन व्हर्च्युअलायझेशन फॉरमॅट, म्हणजे ओव्हीएफ, असे त्याचे नाव. त्याची पहिली आवृत्ती 2009 च्या आरंभी सिद्ध झाली, अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकसंस्थेने 2010 मध्ये आणि आंतरराष्ट्रीय संस्थेने 2011 मध्ये त्या मानकावर शिक्कामोर्तब केले. त्याच 2009 च्या वसंतात व्हर्च्युअलबॉक्सच्या 2.2 आवृत्तीने ओव्हीएफ आयात आणि निर्यात करण्याची सोय दिली, आणि पुढे 'ओव्हीए पाठव, इम्पोर्ट करतो' हे वाक्य या व्यवसायातील लोकांच्या तोंडी रुळले.

ओव्हीए म्हणजे काय, हे एकदा उकलून पाहण्यासारखे आहे. युनिक्सच्या जुन्या 'टार' पद्धतीने बांधलेले ते एक गाठोडे असते, त्याहून अधिक गूढ त्यात काही नाही. त्यात प्रथम एक ओव्हीएफ फाइल असते. ती प्रथमच असली पाहिजे असा दंडक आहे, कारण गाठोडे दुरून येत असेल तर डिस्कचे अवजड अंक पोचण्यापूर्वीच ग्राहकास यादी वाचून आपल्याला हे पेलेल की नाही हे ठरवता यावे. ही यादी म्हणजे त्या यंत्राचा जाबता होय: प्रोसेसर किती, स्मृती किती, कोणता नियंत्रक, त्यावर कोणती डिस्क, कोणते नेटवर्क, प्रत्येक बाबीस एक क्रमांक, दहा म्हणजे नेटवर्क कार्ड, सतरा म्हणजे डिस्क. केंब्रिजच्या त्या दप्तरातील चार-सहा ओळींचाच हा वंशविस्तार, फक्त एक्सएमएलच्या पोशाखात. त्यानंतर डिस्क येते, बहुधा व्हीएमडीकेच्या प्रवासयोग्य, आकुंचित रूपात. कारण मानकाने स्वतःची डिस्कपद्धती न ठरवता, ज्या पद्धतीचे वर्णन सर्वांस मोफत उपलब्ध असेल ती चालेल, एवढेच सांगितले. आणि सोबत एक रुजवातीची फाइल: प्रत्येक फाइलीचे नाव आणि त्यापुढे तिच्या मजकुरावरून काढलेला, मानकाच्या पहिल्या आवृत्तीत चाळीस अक्षरांचा, अंक, जेणेकरून वाटेत एका बाइटाचाही बदल झाला तर तो उघडकीस यावा.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये बांधलेले असे गाठोडे व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरव्हायझरवर उघडावयास घेतले की काय होते ते पाहा. ग्राहक जाबता वाचू लागतो आणि थबकतो, 'व्हर्च्युअलबॉक्स-2.2' हे यंत्रकुल आपणास ठाऊक नाही, असे सांगून तो आयात नाकारतो. मग गाठोडे सोडावे लागते, ओव्हीएफ फाइल साध्या संपादकात उघडून त्या कुलनामाच्या जागी 'व्हीएमएक्स-07' असे लिहावे लागते, आणि साटा नियंत्रकाची बाब अनेकदा खोडून तेथे स्कझीचा एलएसआय लॉजिक मांडावा लागतो. पुन्हा आयात केली की दुसरा नकार येतो: रुजवात जुळत नाही. ती जुळणार तरी कशी, आपणच मजकूर बदलला. घाईतली माणसे तेव्हा रुजवातीची फाइलच काढून टाकतात, आणि आयात पार पडतेही. परंतु माझ्या मते हे अत्यंत गैर आहे, कारण त्या एका अंकासाठी डिस्कच्या अभंगत्वाचा पुरावाही आपण फेकून देतो. बदललेल्या फाइलीचा अंक नव्याने काढून त्या ओळीत भरण्यास एक मिनिट लागते. गाठोड्यावर बांधणाऱ्याची स्वाक्षरी असेल तर ती मात्र पुन्हा करता येत नाही. ती त्याच्याच खाजगी किल्लीने होते.

या तहाची मूळ त्रुटी कोठे होती? प्रत्येक पक्षाला आपल्या खास बाबी जाबत्यात जोडण्याची मुभा होती, आणि 'ही बाब आवश्यक नाही' असे लिहिले की परक्या ग्राहकाने ती सोडून द्यावी, असा संकेत होता. व्हर्च्युअलबॉक्स या मुभेचा उपयोग करून आपल्या यंत्राचे संपूर्ण खाजगी वर्णनच जाबत्याच्या शेवटी जोडतो. व्हीएमवेअरही आपल्या बाबी तशाच जोडते. परिणामी एकाच गाठोड्यात दोन वर्णने प्रवास करतात: एक सर्वांसाठी, ढोबळ; दुसरे घरच्यांसाठी, नेमके. घरी परतल्यावर यंत्र हुबेहूब उभे राहते, परक्याकडे ते ढोबळ वर्णनावरून उभे करावे लागते. मायक्रोसॉफ्ट तर मूळ मसुद्याचा एक धनी, पण हायपर-व्हीच्या नेहमीच्या व्यवस्थापकात ओव्हीए थेट उघडण्याची सोय झाली नाही. तेथे डिस्क आधी व्हीएचडीत उतरवून घ्यावी लागते.

तथापि मानक रचणाऱ्यांवर फसवणुकीचा आरोप करणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी आपल्या दस्तऐवजात सुवाह्यतेच्या तीन पायऱ्या स्पष्ट लिहून ठेवल्या होत्या: पहिल्या पायरीचे गाठोडे एका विशिष्ट उत्पादनावरच चालेल, दुसऱ्या पायरीचे एका विशिष्ट यंत्रकुलावर, आणि तिसऱ्या पायरीचेच काय ते अनेक यंत्रकुलांवर. पेटी कशी बांधावी हे त्यांनी ठरवले. पेटीत बसलेल्या प्रणालीने परक्या घरी कसे वागावे हे त्यांच्या हाती नव्हते, आणि आहे असे त्यांनी म्हटलेही नव्हते. बाजाराने ओव्हीएफ म्हणजे सरसकट तिसरी पायरी असे गृहीत धरले, हा दोष कलमांचा नसून ती न वाचणाऱ्यांचा आहे.

पेटीतल्या प्रणालीस वळण लावण्याचे काम मानकाने नव्हे, तर रेड हॅटच्या अभियंत्यांनी रचलेल्या व्हर्ट-व्हीटूव्ही या हत्याराने पुढे चांगल्या प्रकारे केले. ते बंद मशीनची डिस्क बाहेरूनच उघडते, आत कोणती प्रणाली आहे हे तपासते, विंडोज असेल तर तिच्या रजिस्ट्रीत व्हर्टआयओच्या ड्रायव्हरची नोंद करून तो आरंभीच जागा होईल अशी तजवीज करते, लिनक्स असेल तर आरंभप्रतिमा नव्याने बांधते, आणि जुन्या घराण्याची व्हीएमवेअर टूल्स काढून टाकते. यंत्र झोपलेले असतानाच त्याला नव्या घराची भाषा शिकवून ठेवावयाची, हे या हत्याराचे मर्म; आणि ते करावयास आतली प्रणाली समजणारी माणसे लागली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तरीही काही काम हातानेच करावयाचे राहते. लिनक्सची नेटवर्क नावे कार्ड कोणत्या खाचेत आहे यावरून पडतात. व्हीएमवेअरवर ज्याचे नाव 'ईएनएस192' तेच प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या प्रणालीवर 'ईएनएस18' होऊन बसते, संरचनेच्या फाइलीत जुनेच नाव असते, आणि मशीन धडधाकट उठूनही त्याला पत्ता मिळत नाही.

हे सर्व 2023 पर्यंत मोजक्या तंत्रज्ञांच्या अनुभवाचा विषय होते. त्या वर्षी 22 नोव्हेंबर रोजी ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि डिसेंबरात एकदा पैसे भरून कायमचा परवाना घेण्याची जुनी रीत बंद करून केवळ वर्गणीची पद्धत ठेवली. ज्या संस्थांनी दहा-पंधरा वर्षे आपला सर्व कारभार त्या एका घराण्यावर उभारला होता, त्यांना आपली शेकडो यंत्रे अन्यत्र हलवण्याचा विचार प्रथमच गांभीर्याने करावा लागला. व्हिएन्ना येथील प्रॉक्समॉक्सने 2024 च्या मार्चमध्ये ईएसएक्सआयवरून मशीन थेट ओढून घेण्याची सोय आपल्या प्रणालीत घातली, आणि वर्षअखेरीच्या 8.3 आवृत्तीत ओव्हीए फाइलही तिच्या वेबवरील खिडकीतूनच आयात होऊ लागली. त्यापूर्वी ते काम कमांड लिहूनच करावे लागे.

या स्थलांतरात ज्या नव्या अडचणीने माणसांना फार गोंधळात टाकले ती जाबत्यातली नाहीच. विंडोज 11 ला 2021 पासून टीपीएम नावाची सुरक्षाचिप आवश्यक झाली, म्हणून ते चालवणाऱ्या कल्पित यंत्रांनाही कल्पित टीपीएम द्यावी लागली. तिच्या पोटातली गुपिते ओव्हीएफच्या गाठोड्यात भरता येत नाहीत, कारण ती बाहेर काढता येऊ नयेत यासाठीच तिची रचना आहे. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर नव्या हायपरव्हायझरवर डिस्क जागेवर, नियंत्रक ओळखीचा, ड्रायव्हर जागा, असे सर्व यथास्थित असूनही विंडोज अठ्ठेचाळीस अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागते. ती किल्ली ज्यांनी कोठे तरी लिहून ठेवलेली असते ते तिथल्या तिथे पुढे जातात. इतरांना जुने मशीन जुन्या घरी पुन्हा चालू करून, कुलूप तात्पुरते उघडून, गाठोडे नव्याने बांधावे लागते, आणि तोवर जुना सर्व्हर मोडीत काढलेला नसावा लागतो.